शेफर्ड्स हटमध्ये दोघांसाठी तीन रात्री: बुक करण्याआधी काय विचारावं?

कातरवेळ (प्रश्न)

ऑक्टोबरच्या मध्यात, शुक्रवार ते सोमवार अशा तीन रात्री, दक्षिण इंग्लंडमध्ये दोघांसाठी शेफर्ड्स हट, म्हणजे मेंढपाळाची चाकांवरची झोपडी, शोधणं चालू आहे. निघायचं लंडनहून, स्वतःची गाडी नाही. बजेट रात्रीला १५० पौंडांपर्यंत.

अडचण अशी की जाहिराती सगळ्या एका साच्यातल्या. खिडकीत दिव्यांची माळ, खुर्चीवर मेंढीचं कातडं, पायरीवर दोन मग. आत थंडी वाजेल का, पलंग दोघांना पुरेल का, संडास किती लांब आहे, यातलं काहीच फोटोंवरून कळत नाही.

तर मालकाला नेमकं काय विचारावं? लाकडाची शेगडी पहिल्यांदाच पेटवायची आहे, ती कशी पेटवायची? आणि गाडीशिवाय हे जमण्यासारखं आहे का? "मस्त रोमँटिक असतं, जाऊन या" छापाची उत्तरं नकोत, तपशील हवेत.

---

बांधावरचा

आधी हे लक्षात घ्या की ही खोली नाही, गाडी आहे. लोखंडी चाकं, पन्हळी पत्र्याच्या भिंती, वर गोल पाठीचं छत. आपल्याकडे धनगर खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, तसंच डॉर्सेट, विल्टशर, हॅम्पशरच्या चुनखडीच्या टेकड्यांवर चालायचं. मेंढरांचा मुक्काम हलला की घोडा जुंपून ही गाडीही हलवायची. वीण असली की मेंढपाळ आठवडेच्या आठवडे आतच राहायचा. दोन्ही बाजूंना खिडक्या त्यासाठीच, पडल्या पडल्या कळप दिसावा म्हणून. दार आडवं मधोमध कापलेलं, वरचा अर्धा वेगळा उघडणारा. पलंगाखाली अशक्त कोकरांसाठी खुराडं, कोपऱ्यात शेगडी. ब्रॅटनचे रीव्ह्ज, कूम बिसेटचे फॅरिस, अँडोव्हरजवळचे टास्कर असे गावोगावचे कारखाने त्या बनवायचे. आज भाड्याने मिळतात त्या बहुतेक नव्या, त्याच आकाराच्या पण भिंतीत लोकर किंवा फोम भरलेल्या. थोड्या खऱ्या जुन्या, दुरुस्त केलेल्या. जुन्या दिसायला देखण्या असतात, पण ऑक्टोबरात तीन रात्री राहायचं तर मी नवी घेईन.

आता काय विचारायचं ते.

पलंग. रुंदी आणि लांबी सेंटिमीटरमध्ये विचारा, "डबल" या शब्दावर जाऊ नका. १२० सेंमीच्या गादीलाही इथे डबल म्हणून खपवतात. दोघांना नीट झोपायला १३५ लागते. दुसरं, पलंग आडवा आहे की उभा? बहुतेक हटमध्ये तो मागच्या टोकाला आडवा, तिन्ही बाजूंनी भिंतीत अडकवलेला असतो. दिसतो छान, घरट्यासारखा, पण आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. शिवाय ७ फुटी हटची आतली रुंदी भिंतींची जाडी वजा जाता दोन मीटरच्या आतच भरते. त्यात १९० सेंमीची गादी कशीबशी बसते आणि सहा फुटांच्या माणसाचे पाय भिंतीला टेकतात. दोघांपैकी कोणी उंच असेल तर ८ फुटी हट शोधा. भिंतीतून खाली ओढायचा पलंग असेल तर दिवसा जागा मिळते, पण तो पाडला की टेबल वापरता येत नाही.

हालचाल. चाकांवरची गाडी आतल्या प्रत्येक पावलाबरोबर डुलते. चारही कोपऱ्यांना टेकू किंवा जॅक लावलेले आहेत का, हे बिनधास्त विचारा. काळजीने बसवलेली हट हलत नाही. टेकू नसतील तर एकाने कूस बदलली की दुसरा जागा, आणि फक्त कूसच बदलायला कोणी एवढ्या लांब जात नाही.

पायऱ्या. तीन किंवा चार, उभ्या, लाकडी, पावसात शेवाळलेल्या. कठडा आहे का? पायरीवर खरखरीत पट्टी किंवा जाळी आहे का? रात्री दोन वाजता टॉर्च हातात धरून उतरताना याचं महत्त्व कळतं.

शेजार. "एकांत" असं लिहिलेलं असलं तरी त्याच शेतात आणखी तीन हट असू शकतात. एकूण किती, आणि सर्वांत जवळची किती मीटरवर? दार आणि शेकोटीची जागा तिच्याकडे तोंड करून आहे का? ६० मीटरवर मध्ये झाडोरा असलेली हट २०० मीटरवरच्या उघड्यापेक्षा जास्त एकांत देते.

दिवस निवडताना एक हिशेब करा. शुक्रवार ते सोमवार या तीन रात्री आणि सोमवार ते शुक्रवार या चार रात्री, दोन्हींचा आकडा बऱ्याच ठिकाणी जवळपास सारखाच निघतो. सुट्टी हलवता येत असेल तर मधले दिवस घ्या. ऑक्टोबर अखेरीस शाळांची सहामाही सुट्टी येते, तेव्हा भाव चढतात. मध्यावर जाताय ते बरोबरच आहे.

---

शेगडीवाला

शेगडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तक्रारी निम्म्या तिच्यामुळेच असतात, आणि दोष शेगडीचा क्वचितच असतो.

हटच्या आतली जागा जेमतेम २५ घनमीटर. त्यात बसवलेली शेगडी लहान दिसली तरी ३ ते ५ किलोवॉटची असते, म्हणजे दोन-तीन विजेचे हीटर एकदम चालू केल्यासारखी. नवखा माणूस थंडीने कुडकुडत आत येतो, चार ओंडके कोंबतो, अर्ध्या तासात आत ३० अंश होतात, मग दार-खिडक्या उघडाव्या लागतात. पहाटे शेगडी विझलेली आणि आत पुन्हा १० अंश. हे टाळायचं तर एका वेळी एकच ओंडका, मनगटाएवढा जाड.

पेटवताना लोक चूल पेटवतात तशी खालून काडी लावतात. इथे उलटं करा, वरून खाली:

१. हवेच्या सगळ्या झडपा पूर्ण उघडा. खालची झडप पेटवण्यासाठी असते, काचेच्या वरची जळत ठेवण्यासाठी.
२. राख सगळी काढू नका. लाकूड राखेच्या गादीवर चांगलं जळतं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर राहू द्या.
३. तळाला दोन बारीक ओंडके, मध्ये बोटभर फट ठेवून. त्यावर आठ-दहा ढलप्या आडव्या-उभ्या रचा. सर्वांत वर मेण-भुश्याची पेटवण.
४. पेटवा आणि दार बोटभर उघडं ठेवून ५ ते १० मिनिटं समोरच बसा. ढलप्यांनी पेट घेतला की दार बंद.
५. १५ मिनिटांनी खालची झडप बंद करा. इथून पुढे फक्त वरच्या झडपेवर चालवायचं.
६. ज्वाळा बसून लाल निखारे दिसले की पुढचा ओंडका. ज्वाळा चालू असताना टाकू नका.

वरून पेटवल्यावर धूर आधी ज्वाळेतून जातो, तिथेच जळतो, आणि धुराडंही लवकर तापतं. हटचं धुराडं आखूड, साधारण तीन मीटरचं, त्यामुळे ओढ मुळातच कमी. दमट, वारा पडलेल्या दिवशी त्यात थंड हवेचं बूच बसतं आणि पहिला धूर सरळ तोंडावर येतो. तसं झालं तर वर्तमानपत्राचा पीळ पेटवून वरच्या भागात, धुराड्याच्या तोंडाशी धरा, एक खिडकी थोडी उघडा, मग पेटवा. आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यातला पंखा आधी बंद करा! तो आतली हवा बाहेर फेकतो, ती भरून काढायला धुराड्यातून हवा उलटी येते, सोबत धूर घेऊन.

काच काळी पडते ती ओल्या लाकडामुळे किंवा हवा फार कमी केल्यामुळे. ओलसर वर्तमानपत्राला थोडी राख लावून थंड काचेवर घासा, निघते.

लाकूड किती लागेल? वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण ४ युनिट उष्णता देतं. छोट्या शेगडीत तासाला सव्वा किलो जळतं. चार तासांच्या संध्याकाळीला पाच-सहा किलो. मालक एक जाळीची पिशवी ठेवतात, आठ-दहा किलोची, ती दीड संध्याकाळ पुरते. पुढची पिशवी किती पौंडाला आणि कुठे, हे आधीच विचारून घ्या. बाहेरून घेतली तर पिशवीवर "रेडी टू बर्न" हा शिक्का बघा. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून छोट्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणाला तो लागतो, अर्थ असा की ओल २० टक्के किंवा त्याहून कमी. रस्त्याकडेला पडलेली फांदी कितीही वाळकी वाटली तरी ती शेगडीत घालू नका.

राख धातूच्या झाकणाच्या बादलीत, हटच्या बाहेर. वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा असू शकतो.

---

निवांत_रविवार

एक भर: झोपण्याआधी दोन मोठे ओंडके टाकायचे आणि हवा पूर्ण बंद करायची. रात्रभर धुमसत राहतं, पहाटे ऊब मिळते.

---

शेगडीवाला

नाही. कृपा करून हे करू नका.

हवा कोंडली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. त्यातून डांबर निघून धुराड्यात थर जमतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आखूड, थंडावत चाललेल्या धुराड्यात ओढ उरत नाही, मग तो वायू आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. २५ घनमीटरच्या बंद डब्यात दोन माणसं झोपलेली असताना हा जुगार खेळायचा नसतो.

शेवटचा ओंडका झोपायच्या तासभर आधी टाका, वरची झडप उघडी ठेवून तो पूर्ण जळू द्या. रात्रीची ऊब रजईतून आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांतून मिळवा. दोन पिशव्या पलंगात अर्धा तास आधी सरकवल्या की शेगडी विझली तरी फरक पडत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे रात्री ६ ते ८ अंशांपर्यंत उतरतं, सुकं लाकूड आणि चांगली रजई असली की ते काही कडाक्याचं नव्हे. चांगल्या हटमध्ये पहाटेसाठी विजेचा छोटा रेडिएटर असतो, त्याबद्दल विचारा.

पोहोचल्या पोहोचल्या दोन गोष्टी तपासा. एक, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. शेगडीपासून एक ते तीन मीटरवर असावा आणि बटण दाबल्यावर वाजावा. वाजला नाही तर मालकाला तिथल्या तिथे बोलवा. दुसरं, हवेच्या जाळ्या. दाराखाली किंवा भिंतीत तळाला कायम उघड्या जाळ्या असतात. गार वारा लागतो म्हणून लोक त्यात टॉवेल कोंबतात. तोच श्वास आहे हटचा. ताप नसताना दोघांचंही एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं तर कारणं शोधत बसू नका. दार सताड उघडा, बाहेर पडा, ९९९ ला फोन करा.

बार्बेक्यूची पत्र्याची तबकडी विझली म्हणून आत आणणं हाही त्याच जातीचा प्रकार. विझल्यावरही ती कितीतरी वेळ तोच वायू सोडत असते.

---

निवांत_रविवार

मान्य. वरचा सल्ला रद्द समजा.

---

रानजाई

संडासाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी.

तीन प्रकार असतात. आतच छोट्या खोलीत फ्लशचा. बाहेर लाकडी खोपटात फ्लशचा, १० ते ५० मीटरवर. आणि कंपोस्टचा, म्हणजे पाणी नाही, भुसा टाकायचा. पहिला सोयीचा, पण हटमध्ये भिंत म्हणजे पातळ फळी आणि पलंग चार पावलांवर. दोघांचं नातं किती जुनं आहे त्यावर ठरवा. नव्या जोडप्याला मी बाहेरचाच सुचवेन.

कंपोस्टमध्ये बहुतेक ठिकाणी विभागणी असते, पुढच्या भागात द्रव, मागे घन. वास येतो तो हे दोन्ही एकत्र झाल्यावर. म्हणून पुरुषांनीही बसूनच, आणि घनानंतर एक भांडं भुसा. ओले वाइप्स कुठेच टाकायचे नाहीत. आता आपल्या लोकांचा मुद्दा: टमरेल. मागच्या भागात पाणी गेलं की कुजण्याची क्रिया बिघडते आणि दुर्गंधी येते. पाणी वापरायचं तर अगदी थोडं, छोट्या बाटलीने, पुढच्या भागात जाईल असं, आणि ते भांडं लवकर भरतं हे मालकाला आधी सांगून. हे पटत नसेल तर फ्लशवाली हट घ्या, उगाच तीन दिवस कुढू नका.

गरम पाणी. आत १० लिटरची विजेची टाकी असेल तर आंघोळ किती मिनिटं? टाकीत ६० अंश, नळाचं १० अंश, अंगावर हवं ४०. मिसळून साधारण १७ लिटर होतं. शॉवर मिनिटाला ६ लिटर सोडतो. म्हणजे पावणेतीन मिनिटं, दोघांत मिळून. मग अर्धा तास थांबा. गॅसचा तात्काळ तापवणारा गीझर असेल तर ही चिंता नाही. "गरम शॉवर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, टाकी की गीझर, टाकी तर किती लिटरची, ते विचारा. एकत्र आंघोळीचा बेत असेल तर हेही लक्षात घ्या की हटचा शॉवर साधारण ७० बाय ७० सेंमीचा असतो.

वीज. काही हट फक्त सौर पॅनेलवर, १२ व्होल्टच्या. त्यात दिवे आणि फोनचं चार्जिंग, बास. केसांचा ड्रायर, किटली विसरा. विजेची जोडणी असली तरी ती बऱ्याचदा १६ अँपिअरची असते, म्हणजे सुमारे ३.६ किलोवॉट. ३ किलोवॉटची किटली आणि २ किलोवॉटचा हीटर एकदम लावले की खटका पडतो, आणि खटक्याची पेटी बहुधा बाहेर गवतात, अंधारात. आल्या आल्या ती कुठे आहे ते बघून ठेवा.

ओल. दोन माणसं रात्रभरात श्वासातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. सकाळी खिडक्या घामाघूम, उशाशी भिंत ओली. एक खिडकी रात्रभर दोन बोटं उघडी ठेवा. ओले कोट आत वाळत घालू नका, असेल तर बाहेरच्या खोपटात टांगा.

---

पुढचं_स्टेशन

गाडीशिवाय जमतं, पण जागा स्टेशनावरून निवडायची, उलटं नाही.

लंडन वॉटरलूहून सॉल्जबरीमार्गे एक्झेटरला जाणारी लाइन यासाठी उत्तम. सॉल्जबरी दीड तासावर, पुढचं टिसबरी साधारण पावणेदोन तासांवर. तासाला एक गाडी. सॉल्जबरीच्या पश्चिमेला बराच मार्ग एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी रखडली की मागच्याही रखडतात, शेवटच्या गाडीवर विसंबू नका. टिसबरीच्या दक्षिणेला क्रॅनबोर्न चेज हा टेकड्यांचा प्रदेश सुरू होतो. २०१९ पासून तो आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश आहे, आणि तोच हा चुनखडीचा मेंढरांचा मुलूख, बांधावरच्यांनी लिहिला तो.

दोघं एकत्रच प्रवास करणार असाल तर टू टुगेदर रेलकार्ड घ्या. ३५ पौंड, वर्षभर चालतं, तिकिटावर एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही.

स्टेशन ते हट ही खरी अडचण. गावाकडच्या बस रविवारी बहुतेक नसतातच, आणि ॲपवर टॅक्सी येत नाही. स्थानिक टॅक्सीवाला दोन-तीन दिवस आधी फोन करून ठरवा, परतीचाही. शुक्रवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळी ते मुलं पोहोचवत असतात, तेव्हा साडेतीनची वेळ मागू नका. काही मालक स्वतः न्यायला येतात, विचारायला लाजू नका. पोस्टकोड पुरेसा नसतो, खेड्यात एका पोस्टकोडात मैलभर पसरलेली चार शेतं येतात. फाटकाचं व्हॉट-थ्री-वर्ड्सचं (तीन शब्दांत नेमकी जागा सांगणारं ॲप) ठिकाण मागवून घ्या. नकाशे आधीच उतरवून ठेवा, तिथल्या दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नाही.

आणि उजेडी पोहोचा. चेक-इन ३ किंवा ४ नंतर, सूर्यास्त त्या सुमारास सव्वासहाच्या आसपास. अनोळखी शेतातली पायवाट, फाटकाचा कोयंडा, शेगडी, हे सगळं अंधारात पहिल्यांदा करण्यात काहीही रोमँटिक नाही.

तारीख अमावास्येच्या आसपासची मिळाली तर सोनं. पूर्ण अंधार आठच्या सुमारास होतो. तेव्हा आकाशगंगा जवळपास डोक्यावरून गेलेली असते, देवयानी दीर्घिका पूर्वेला वर चढलेली, नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपक्यासारखी दिसते. डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढा वेळ फोन खिशात. २१ ऑक्टोबरच्या आसपास मृगशीर्षाकडून येणारा ओरायनिड्स उल्कावर्षाव असतो, तो मध्यरात्रीनंतर. रजई ओढून पायरीवर बसा, दोघांचं अंग एकाच रजईत असलं की पुरते.

कानांनाही मेजवानी असते. शरद ऋतूत टॉनी घुबडं हद्दीसाठी सर्वांत जास्त ओरडतात. "कीविक" ही बहुधा मादी, लांब थरथरता "हूऽऽ" हा नर. एकाच घुबडाचा आवाज समजतात तो बरेचदा जोडीचा सवाल-जवाब असतो. मध्येच ढेकर आणि घोरणं यांच्या मधला आवाज आला तर तो फॅलो हरणाचा नर, त्यांचा माजाचा काळ. घाबरू नका, पण बघायला जवळही जाऊ नका. शनिवारी सकाळी बंदुका ऐकू येतील, १ ऑक्टोबरपासून फेझंट या रानपक्ष्याची शिकार सुरू होते. रविवारी ती कायद्याने बंद.

---

बांधावरचा

शेजारच्या शेतात मेंढ्यांच्या पुठ्ठ्यावर लाल-निळे डाग दिसतील. रंग खेळलेले नाहीत. नराच्या छातीला रंगाची पट्टी बांधलेली असते, कोणती मेंढी लागली ते कळावं म्हणून. माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं, त्या बेताने रंग बदलतात. लाल ती आधी विणार, निळी नंतर. लागल्यापासून पाच महिन्यांनी, मार्चमध्ये. एकूण ऑक्टोबरात तिथे तुम्ही दोघंच जोडीने आलेले नसाल.

यावरून महत्त्वाचं: त्या शेतातून पायवाट जात असेल तर फाटक जसं असेल तसंच सोडा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. मेंढरं वेगळी ठेवलेली असतात ती कारणाने. आणि ब्रॅकन नेच्यातून किंवा उंच गवतातून चालून आलात की रात्री एकमेकांचे गुडघ्यामागचे, काखेतले, कमरेचे भाग उजेडात नीट बघा. गोचीड. ऑक्टोबरातही असते आणि लाइमचा आजार पसरवते. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नखं काही नको.

---

खमंग

जेवणाचं थोडक्यात. गॅसच्या एक-दोन शेगड्या, छोटा फ्रिज, हात धुण्याएवढं बेसिन. आत फोडणी देऊ नका. दोन मीटरवर गादी आहे, मोहरी-हिंगाचा वास तीन रात्री उशीत राहतो, आणि धुराचा अलार्म आधी वाजतो. फोडणीचं सगळं घरून करून आणा: घट्ट आमटी, सुकी भाजी, डब्यात. तिथे फक्त गरम करायचं. बाहेर शेकोटीवर लोखंडी जाळी असेल तर कणसं, बटाटे, पनीर. बटाटे फॉइलमध्ये, ज्वाळेत नाही, निखाऱ्यात, ४५ मिनिटं. चहाचं आलं, मसाला, आणि एक बऱ्यापैकी सुरी बरोबर ठेवा. हटमधल्या सुऱ्यांनी लोणीसुद्धा कापलं जात नाही.

---

कातरवेळ

खूप उपयोगी. दोन हट उरल्या आहेत. एकीला लाकडावर तापणारा हॉट टब आहे, रात्रीला ३० पौंड जास्त. घ्यावा का? आणि पाकळ्या, मेणबत्त्या वगैरे आधी मालकाला सांगून ठेवावं का?

---

शेगडीवाला

माझं मत: घेऊ नका. हिशेब करा: १,००० लिटर पाणी १२ अंशांवरून ३८ वर न्यायला ३० युनिट उष्णता. टबची भट्टी कागदावर २० किलोवॉटची असली तरी पाण्यात १२ ते १५ पोहोचते. म्हणजे दोन ते अडीच तास, आणि बारा-तेरा किलो लाकूड. ते हटच्या दोन संध्याकाळींचं सरपण झालं. एका संध्याकाळीसाठी तुम्ही भट्टीवाले होता.

---

रानजाई

इथे असहमत. थंड हवा, गरम पाणी आणि वर तारे, हे हटमध्ये नाही मिळत. फक्त तीन अटींवर घ्या. पाणी प्रत्येक पाहुण्यागणिक बदलतात का? पहिल्या संध्याकाळी मालक तो पेटवून ठेवतो का? लाकूड त्या ३० पौंडांत धरलंय का? तिन्हीला हो असेल तर एक रात्र तरी वसूल होते.

चालवताना: भट्टीच्या पातळीवर पाणी असल्याशिवाय पेटवायची नाही, पत्रा जळतो. गरम पाणी वर राहतं, म्हणून दर अर्ध्या तासाने वल्ह्याने ढवळा, मगच तापमान बघा. ३६ झालं की लाकूड थांबवा, उरलेल्या निखाऱ्यांवर ते दोन अंश चढतं. ४० च्या वर नाही. एका वेळी १५-२० मिनिटं, वाइन नंतर. गरोदरपण किंवा रक्तदाबाची औषधं असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मेणबत्त्या बहुतेक हटमध्ये मनाच आहेत, सगळं लाकूड आणि एकच दार. पाकळ्या नको, ओलसर गादीला चिकटून डाग पडतात आणि ते पैसे तुमच्याकडून जातात. त्याऐवजी मालकाला एकच मागणं करा: आमची गाडी टिसबरीला इतक्या वाजता लागेल, त्याच्या अर्धा तास आधी शेगडी पेटवून ठेवाल का? बरेच जण आनंदाने करतात. लाकडाच्या मंद वासाची, उबदार हट दार उघडल्यावर समोर आली की पाकळ्यांची आठवणही होत नाही.

---

कातरवेळ

टबवाल्या मालकाला तिन्ही प्रश्न पाठवले. पाणी बदलतात, पहिल्या दिवशी पेटवून देतात, लाकूड मात्र वेगळं, पिशवीला ७ पौंड. पलंग आडवा, १३५ बाय १९०, हट ७ फुटी. आमच्यातला उंच माणूस ५ फूट १०.

---

बांधावरचा

मग बसेल, तिरकं झोपावं लागणार नाही. उंच माणूस बाहेरच्या बाजूला झोपवा, पहाटे सरपण आणायला त्यालाच उठायचं आहे.